सांध

क्लीव्ह म्हणजे चिकटणे, मी फळ्यावर लिहिलं.
त्याच्याच खाली: क्लीव्ह म्हणजे चिरणे.
भद्रावती पेठ, रात्रशाळा, सव्वानऊ.
मागच्या बाकावरून नरसय्या चिलवेरी म्हणाला,
"बाई, एक कायतर खोडा की ओ."

खोडलं नाही.
सांगितलं, मुळात हे दोन शब्द, दोन घरांतले.
एकाचं नातं चिकणमातीशी, खळीशी,
दुसरा लाकडाची शीर शोधत जाणारा.
हजारेक वर्षं तोंडातोंडांतून फिरले,
कडा झिजल्या,
आणि दोघांना एकच हाक पुरायला लागली.

"मग वळखायचं कसं, कुठला कुठला?"
शेजारचा शब्द बघायचा, मी म्हणाले.

नरसय्या हसला.
त्याच्या आणि अंबादासच्या कारखान्यात
गेल्या उन्हाळ्यात भिंत उभी राहिली.
चार माग, दोन-दोन.
आईचा फोटो याच्याकडे, हार घालायचा खिळा त्याच्याकडे.
विजेचं मीटर मात्र एकच राहिलं,
म्हणून महिन्यातून एकदा बिल भरायला
दोघं एका लुनावर, न बोलता.

"बाई, चादर मागावरनं सुटी येत न्हाई," तो म्हणाला.
"एकीला लागून दुसरी, लांबच्या लांब.
मधी टीचभर नुसता ताणा सोडायचा, बाणा भरायचा न्हाई.
तितं कात्री.
त्या दोऱ्यांना आमी दशा म्हणतो.
इणलेलं ज्याचं त्याचं.
न इणलेलं तेवढं दोघींकडं सारखं जातं."

यावर व्याकरणाच्या पुस्तकात काही नव्हतं.
बाहेर कुठला तरी माग खटखटत होता,
आणि मला आमचाच एक शब्द आठवला, उशिरा, ओशाळून:
सुतार जुळवतो ती सांध,
आणि जिच्यातून मुंग्या येतात तीही सांध.
इतकी वर्षं घरात होता, कधी विचारलंच नाही
तू नक्की कुणाच्या बाजूचा.

वाक्यात उपयोग करा, म्हटलं होतं.
वह्या घरी आणल्या.
त्याची सगळ्यांत खाली, पानांना सुताचे तंतू चिकटलेले.
मोठ्या, ताठ अक्षरांत, इंग्रजीत लिहिलं होतं:
मी आणि माझा भाऊ क्लीव्ह.
शेजारचा शब्द लिहिला नव्हता.
तिथं टीचभर जागा मोकळी.