अक्षराला साठ रुपये

पापाच्या तिकटीला, भांड्यांच्या दुकानाला लागून
मी पितळी पाट्या करतो.
अक्षराला साठ रुपये.
मराठीत काना-मात्रा फुकट.
इंग्रजीला काना-मात्रा नसतात,
तिथं सूट नाही.

निगव्याहून वैजयंता मगदूम आल्या.
इकडंतिकडं बघितलं नाही,
सरळ माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या.
महिला दूध संस्थेच्या.
हाताला अजून सरकी पेंडेचा वास.
जुनी पाटी वर्तमानपत्रात गुंडाळलेली
आणि एक पत्र, चार घड्यांचं.

"वरनं आलंय. आता चेअरमन लिहायचं न्हाई म्हणं.
चेअरपर्सन लिहायचं.
मन म्हंजे बाप्या.
आणि पर्सन म्हंजे बाप्या न्हवं, बाई न्हवं,
नुस्तं माणूस."

मी पेन्सिलीनं मोजलं.
इंग्रजीत चेअरमन आठ,
चेअरपर्सन अकरा.
तीन अक्षरं जास्त, एकशेऐंशी रुपये.

"माणूस व्हायला एवढं पडतंय व्हय?"

मी म्हणालो, तिकडं सगळंच बदललंय बाई.
आग विझवणाऱ्याच्या नावातला बाप्या काढला,
पोलिसाच्या काढला,
टपाल वाटणाऱ्याच्या काढला.
आपल्याकडं उलटं, आपण शेपूट जोडतो.
मास्तरची मास्तरीण, डॉक्टरची डॉक्टरीण,
आणि ती शिकवते, का शिकवणाऱ्याला डबा देते,
हे पाटीवरनं कळत नाही.
चेअरमनीण करू का? नऊ-दहात बसवतो.

हसल्या नाहीत.
चहा आला, बशीत ओतला,
बशी तशीच हातात धरून बोलत राहिल्या.

"दोन वर्षं सही मी करतोय.
फॅट मी बघतोय. दिवाळीचा बोनस मी वाटतोय,
संकलनाला पहाटे पाचला कुलूप मीच काढतोय.
आणि चौकात हाक कुणाला? आमच्या ह्यांना.
'काय चेअरमन, चा घेणार न्हवं?'
हे संस्थेची पायरी चढलं न्हाईत कधी.
डेअरीचा ड्रायव्हरसुद्धा ह्यांनाच नमस्कार घालतोय.

आता मी पर्सन झालो,
तर ते राहिलेलं मन कुठं जाणार, सांगा की.
ह्यांच्याकडंच.
पाटीवर मी माणूस,
आणि गल्लीत चेअरमन हेच."

मी गप्प.
छिन्नीची धार अंगठ्यावर बघत बसलो.

"मला इंग्रजी येत न्हाई.
मन म्हंजे मला आपलं मनच वाटायचं,
खुर्ची आणि वर मन.
बरं वाटायचं ऐकायला.
ते मला पायजे.
आधी माझ्या नावाला चिकटू दे,
पोरीबाळींच्या तोंडात बसू दे,
कुणी चेअरमन म्हटलं
की ह्यांनी मागं वळून बघायचं थांबू दे.
मग काय ते पर्सन करा, मी स्वतः येतो
एकशेऐंशी रुपये घेऊन."

पत्राच्या चार घड्या परत घातल्या.

मी आठ अक्षरं आखली.
शेवटची तीन जरा खोल मारली,
त्याचे जादा पैसे लावले नाहीत.
नाव मराठीत, वर: सौ. नको म्हणाल्या.
मग थोड्या वेळानं, "बरं, असू दे."
मग परत, "नको."
तेवढी जागा मोकळी सोडली आहे.

त्या गेल्या. साडेपाचची एसटी.
दारात बुलेट थांबली,
हेल्मेटमधनंच आवाज आला:
"मावशी, कारागीर न्हाईत?"

पदरावरची पितळेची भुकटी झटकली.
बोला, म्हणालो.
तो माझ्या खांद्यावरनं
आत बघत राहिला.

आत कुणी नाही.