उत्तेजनार्थ

बुधवारी माझी सुट्टी.
बाकी सहा दिवस मी लोकांना सांगते,
छाती पाटीला लावा, हनुवटी वर,
श्वास घ्या, धरा, हलू नका
आणि काचेआडून बघते बरगड्या:
डाव्या बारा, उजव्या बारा,
एखादीवर जुनी, आपोआप सांधलेली भेग.
जिन्यावरून पडले होते, म्हणते बाई,
विचारलेलं नसताना.
मी नाव टाकते, तारीख टाकते.
सोडा श्वास. पुढचे या.

बुधवारी मात्र ओल्या केसांनी
तुर्भ्याला जाते, पुलाच्या अलीकडे,
जिथे वाशीतल्या पाडायला काढलेल्या बिल्डिंगा
सुट्या सुट्या होऊन विकायला बसतात.
खिडक्यांचे गज. गीझर.
देव्हाऱ्यात कोंबलेले सतरा रिमोट.
एक दार, त्याला अजून पिवळं तोरण,
आणि मागे पेन्सिलीने कुणाची तरी उंची,
चौथीपर्यंतच.

मला हवं होतं स्टूल.
हाताला लागलं पातेलं,
जाड, तांब्याच्या बुडाचं,
काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
पाककला स्पर्धा १९९३
उत्तेजनार्थ
सौ. इंदुमती
आडनाव काथ्याने खाल्लेलं.

साडेतीनशे, म्हणाले कादिरभाई.
अहो, नाव आहे कुणाचं तरी यावर.
म्हणून तर चोरीचं नाही.
दोनशे साठला तुटलं.
स्टूल राहिलंच.

आता एवढं पातेलं घेतल्यावर
त्यात वरणभात थोडाच लावायचा.
घोलपांकडे बुधवारी रांग नसते,
पोऱ्या मोबाइलवर कुस्ती बघत बसलेला.
चाप द्या, म्हटलं, एका बाजूचे सगळे,
लांबीला तोडू नका. मोजता आले पाहिजेत.
घोलपांनी सुरा थांबवून पाहिलं माझ्याकडे.
तेरा असतात बकऱ्याला, म्हणाले.
आपल्यापेक्षा एक जास्त.
इतकी वर्षं बरगड्या बघतेय,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कोपरखैरण्याचं माझं स्वयंपाकघर:
दोन माणसं उभी राहिली तर एकाने श्वास सोडायचा.
हळद, मीठ, आलं-लसूण लावून
चाप उभे केले पातेल्यात कडेकडेने,
कुंपणासारखे. झाकणावर पाणी.
गॅस अगदी मंद, इतका
की दोनदा वाकून बघितलं, विझला तर नाही.
खोबरं भाजताना एक बाजू काळी झाली,
ती तशीच वाटली. कोण परीक्षक येणारे?

तीन तास मग काही नव्हतं करायला.
ओट्याला टेकून इंदुमतीबाईंचा विचार केला.
काय केलं असेल त्यांनी त्या दिवशी?
मीठ जास्त पडलं,
की पहिली आलेली अध्यक्षांची भाची होती?
घरी काय म्हणाले असतील:
चला, पातेलं तरी मिळालं.
पण शोकेसमध्ये नाही ठेवलं त्यांनी ते.
बूड सांगतं. कितीदा करपलंय,
कितीदा घासलंय, राग काढत, राग नसताना,
आणि एक कान नव्याने रिबेट मारून घेतलाय.

झाकण उचललं.
श्वास घेतला. धरला.

हणमंत महाप्याहून आला पावणेनऊला,
बूट न काढता आत डोकावला.
आधी वाटीभर आळणी प्याला उभ्यानेच,
मग मांडी घालून बसला.
मांस हाडावरून आपणहून सुटत होतं,
ओढावं लागत नव्हतं काहीच.
कसं झालंय?
तो चघळत राहिला, छताकडे बघून,
मीठ किंचित...
मी पातेलं फिरवून कोरलेली बाजू त्याच्यापुढे केली.
त्याने अंगठा चाटला,
एकेक अक्षर लावत वाचलं,
आणि इतका हसला की ठसका लागला,
पाठ थोपटावी लागली.
शर्टाच्या आत, हाताला,
सगळ्या जागच्या जागी.

ताटांत हाडं उरली. सवयीने मोजली:
त्याच्या सहा, माझ्या सात.
पातेलं भिजत घातलं.
काथ्या उद्या. कामावर जाण्याआधी.
नावाच्या बाजूला जरा हलक्या हाताने.