हे पुराचं नव्हे

वळताना कण्हते, म्हणाले मी.
कुठल्या बाजूला? दस्तगीर मिस्त्रींनी विचारलं.
कण्हण्याला बाजू असते, हे मला नवीनच.
दोन्हीकडं. सकाळी जास्त.
परवा विश्रामबागच्या चौकात
एक बाई भाजीची पिशवी सावरत थांबल्या,
कोण रडतंय म्हणून.

नव्व्याण्णवची एस्टीम. एमएच दहा.
अण्णांनी हळदीच्या एका चांगल्या हंगामावर घेतलेली;
तेव्हा एका बोटानं वळायची,
ते एक बोट ते सगळ्या पाहुण्यांना दाखवायचे.

मिस्त्रींनी बॉनेट टेकवलं,
डबीचं झाकण फिरवलं, काडी पुसली, बुडवली,
आणि बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर
एक थेंब सोडला.
आटपाडीचं डाळिंब असतंय न्हवं, ते म्हणाले,
तसं लाल पायजे हे.

थेंब पसरत गेला.
मधे काळा. कडेला विटकरी.
लाल कुठंच नाही.

पूर, मी म्हणाले. लगेच.
आमच्याकडं सगळं पुरानं होतं.
कपाटाचा फुगलेला तळ पुरानं,
फ्रिजचं दार पुरानं,
आईची झोप गेली ती एकोणीसच्या ऑगस्टात,
आणि माझं लग्न मोडलं
तेही आम्ही त्याच महिन्याच्या खात्यावर टाकून मोकळे झालो.
गाडी तर चार दिवस गावभागात पाण्याखाली होती.
सीट उन्हात वाळवल्या, तर गाळातनं
अण्णांचा हरवलेला चष्मा निघाला.

न्हाई, मिस्त्री म्हणाले.
पाणी गेलं असतं तर दुधाळ झालं असतं.
फिक्कट गुलाबी, लस्सीगत.
त्यांनी काडी नाकाशी नेली. मग माझ्या.
करपलेलं. फोडणी विसरल्यावर घरात राहतो तो वास.
चोळून बघा बोटात.
मी चोळलं.
काजळीत काहीतरी बारीक, चिमटीला लागणारं.
त्यांनी कागदाखालून चुंबक फिरवला.
एक कणही हलला नाही.

लोखंड न्हाई, म्हंजे पंप शाबूत हाय.
रबर हाय हे. पायपाचं.
भायेरनं ठणठणीत दिसतात बघा,
आतनं सोलत जातात.

कधीपासून?
पुराच्या लई आधीपासनं.
तेल कधी बदललंच न्हाई तुमी.
कमी झालं की वरनं टाकत गेला.

मी कागदाकडं बघत राहिले.
कमी झालं की वरनं.

यार्डात अण्णा हळकुंड मोडल्याशिवाय
बोली लावायचे नाहीत.
वरून काय, सगळंच पिवळं, म्हणायचे,
आणि मोडायचे कटकन, उजेडाकडं धरून.
गाडीचं मात्र रोज फडक्यानं बॉनेट पुसलं.
त्यांना फोन लावला.
पूरच असणार, ते पलीकडून म्हणाले,
आणि विचारलं, पैसे किती सांगतोय?

मिस्त्रींच्या पोरानं पुढची चाकं जॅकवर उचलली.
मोठ्या सिरिंजनं काळं ओढलं, बिसलेरीच्या बाटलीत भरलं.
पाईप दुपारी मिरजेहून आला.
मी आत बसून स्टिअरिंग फिरवत होते,
डावीकडं टोकापर्यंत, उजवीकडं टोकापर्यंत,
जागच्या जागी,
कुठंही न जाता.
थांबा. फिरवा. थांबा.
तीनदा नवीन भरलं, तीनदा काढलं.
तिसरा थेंबही जरा मातकटच होता.

असूं दे, मिस्त्री म्हणाले, एका दमात लाल होत नसतंय.
हजार किलोमीटर चालवा, परत या.
झाकण घट्ट होतं बघा तुमचं.
चार दिवसांत एक थेंब आत शिरला न्हाई.
हे त्यांनी कौतुकानं सांगितलं,
आणि मी ते कसं घ्यावं हे न कळून
जीपे केलं.

कागद डॅशबोर्डच्या खणात, आरसी बुकाच्या खाली.
विश्रामबागच्या चौकात कुणी वळून बघितलं नाही.
इतकी गप्प झाली गाडी
की मागच्या डाव्या दाराची काच खडखडते
हे पहिल्यांदाच ऐकू आलं.

ती मात्र पुरानंच.