शून्याच्या घरी

नारीनच्या वरच्या अंगाला, नदी जिथे अजून ओढाच असते,
तिथली आमची शाळा. तिसरीत अकरा मुलं.
अकरावा दरवर्षी उशिरा उगवतो,
डोंगरातल्या कुरणावरून मेंढरं खाली उतरली की.
बेकतुर्सुन. गालांवर उन्हानं सोललेले चट्टे,
दप्तराला धुराचा आणि घोडीच्या आंबलेल्या दुधाचा वास.

त्याला चारशे मेंढ्या नुसत्या नजरेनं मोजता येतात.
एखादी कमी भरली तर कुठली, तेही सांगेल:
काळ्या कानाची, जरा लंगडणारी.
पण फळ्यावर चारशे तीन मांडले
की तो त्यांच्याकडे असा बघतो
जसं परगावच्या कुत्र्याकडे बघावं.

चारशे तीन वजा एकशे अठ्ठ्याहत्तर.
शेगडीत ओला कोळसा कुरकुरत होता,
आयजार्किन पेनाची गोठलेली शाई तोंडात धरून वितळवत होती,
आणि मी वीस वर्षांच्या सवयीनं म्हणाले,
तीनातून आठ जात नाहीत.
मग काय करायचं?
शेजाऱ्याकडून उसना घ्यायचा, वर्ग एका सुरात.

"शेजारी तर शून्य आहे, एजे,"
बेकतुर्सुन म्हणाला.
"त्याच्याच चुलीत काही नाही. त्याच्याकडे कसं मागायचं?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.
मी खडू हातात घेतला, पुस्तकात आहे तसंच सांगायला,
तेवढ्यात सैरागुल उठली. ती सहसा उठत नाही.
म्हणाली, "मागं लागतं ना. आम्ही मागितलं होतं.
गेल्या हिवाळ्यात आमचा कोळसा संपला
तेव्हा सापार काकांकडे गेलो. त्यांच्याकडेही नव्हता.
ते म्हणाले, थांबा.
वरच्या आळीला गेले, गाढव घेऊन, बर्फातून.
तिथून दहा पोती आणली.
एक आमच्या दारात टाकलं."

"आणि नऊ?" बेकतुर्सुननं विचारलं.

"नऊ त्यांच्या घरी."

कोणी बोललं नाही.
खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी चढत होती.
मी फळ्याकडे वळले. चाराला छेद दिला, वर तीन लिहिला.
शून्यावर दहा लिहिले, तेही खोडले, नऊ केले.
तीनाचे तेरा झाले.
वीस वर्षं हे नऊ लिहितेय मी.
ते कुठून येतात हे मला विचारलं असतं
तर मी म्हटलं असतं, नियम आहे.

तेरातून आठ, पाच.
नवातून सात, दोन.
तीनातून एक, दोन.
दोनशे पंचवीस, वर्ग ओरडला,
बेकतुर्सुन सोडून.
तो बोटानं हवेत काहीतरी मोजत होता,
ओठ हलत होते,
मेंढरं पुलावरून नेताना हलतात तसे.

"एजे, चाराला ते परत कधी मिळतं?"

कुठल्या चाराला रे?

"वरच्या आळीच्या. त्यानं शंभर दिले.
आता तो तीनच राहिला.
गणित तर संपलं."

घंटा व्हायला अजून सात मिनिटं होती.
मी शेगडीत काटकी सरकवली,
जी सरकवायची गरज नव्हती.
त्याच्याकडे न बघता म्हणाले, वजाबाकीत परत देत नाहीत.
मलाच ते ऐकायला बरं वाटलं नाही.

संध्याकाळी वह्या तपासायला बसले.
वीज गेलेली, मेणबत्तीच्या उजेडात अकरा वह्या,
दहा उत्तरं बरोबर, एकानं दोनशे पस्तीस काढलेले.
ते आयजार्किनचं. ती नऊ करायला विसरली,
दहाच ठेवले शून्याकडे.
मी लाल पेनानं खूण केली, पण हलकीच.

बेकतुर्सुनची वही शेवटी.
उत्तर बरोबर. आकडे तिरके, उतारावर चरायला सोडल्यासारखे.
खाली, समासाच्या बाहेर,
जिथे लिहायचं नसतं म्हणून मी रोज ओरडते,
बारीक अक्षरात:
चाराचे शंभर देणं आहे. विसरायचं नाही.

मी लाल पेन उचललं.
मेणबत्ती चरचरली.
समासाबाहेर लिहू नये, असं लिहायचं होतं.
मग पेनाला टोपण लावलं,
आणि वही मिटायच्या आधी
आतल्या पानावरची ती ओळ
पुन्हा एकदा वाचली.