सोळा टेप, वर चोवीस

टेपचं एक टोक माझ्याकडं,
दुसरं घोळवे भाऊसाहेबांकडं.
शून्य शाळेच्या फाटकाला टेकवायचं
ही माझी ड्युटी.
सडकंनं नका जाऊ, तुरीतून चला,
मागून सरपंचबाईंचे मालक वरडायले,
ताणून धर, निवृत्ती, ताणून!

शाळा आन् देवस्थानापासून
पाचशे मीटरच्या आत कला केंद्र नको,
असा ठराव झाला व्हता ग्रामसभेत.
समद्यांनी हात वर केले.
बावणे मामांनी तर दोन्ही.
मीबी केला. शिपायाचा हात मोजत नसतात,
पण सवय.

दर टेपाला मी एक खडा खिशात टाकायचो.
केंद्राची पायरी दिसली तवा
सोळा झाले म्हणून सांगितलं,
वर चोवीस मीटर.
भाऊसाहेबांनी वहीवर गुणाकार केला,
खोडला, पुन्हा केला.
पाचशे चार.

कुणीच बोलंना.
दोरीवर घुंगरांचे पट्टे वाळायले,
लाल मखमल उन्हानं इटलेली.
पुष्पलताबाई इटकूरकर पायरीवर बसून
चवळीच्या शेंगा निवडायल्या,
चष्मा कपाळावर.
"चहा ठिवू का?" म्हणल्या.
भाऊसाहेब म्हणले, सरकारी कामात
आम्ही चहा घेत नसतो.
बुधवारी घेतात.

मालक म्हणले, मागच्या दारापासून मोजा.
मागचं दार उसाच्या बाजूला,
शाळंकडं तोंड करून.
चारशे साठ भरतंय, लावा पैज.
बाईंनी एक शेंग मोडली.
"मागचं दार आमचं नाही, मालक.
आम्ही फुडल्या दारानं येतो-जातो.
ते तुमच्यासाठी केलंय.
ते मोजायचं तर
तुमच्या उंबऱ्यापासून मोजा."

टेप गुंडाळायला
कुणी सांगावं लागलं नाही.

अवसेच्या दुसऱ्या दिवशी
बांधावर दगड निघाला.
निघाला, असंच लिवलंय पंचनाम्यात.
शेंदूर आन् गोडं तेल केजहून मीच आणलं,
एकशे दहा रुपये,
बिलावर 'स्टेशनरी'.
दगडापासून केंद्र एकशे नव्वद मीटर.
टेप काढायचीबी गरज पडली नाही,
भाऊसाहेबांनी पावलानंच मोजलं.

नोटीस मीच घेऊन गेलो.
बाईंनी सही केली, वळणदार,
खाली तारीख.
मग डोक्यावर पदर घेऊन तुरीतून गेल्या
आन् दगडाफुडं नारळ फोडला.
मी म्हणलं, बाई, याच्यापायीच तर...
"त्याचा काय गुन्हा?" म्हणल्या,
"त्यालाबी न इचारताच उभं केलंय."
खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठिवला.
मी तो खाल्ला. काय करणार.

टेम्पोत पेटी, ढोलकी, तीन कूलर,
गाद्यांची चळत
आन् पाच दप्तरं.
दहिवंडीच्या शिवंला गेल्या म्हणं,
तिथल्या ठरावात तीनशेच मीटर हाय.
रात्री फटफट्या अजून निघतात गावातून,
पेट्रोल तेवढं जास्ती लागायलंय.

शिरसाट गुरुजी हजेरीतली पाच नावं
खोडता खोडता पेन झटकायले,
शाई हुती तरी.
तेवीसचा पट अठरावर आला.
वीसच्या खाली गेलं की
शाळा बंदचा कागद येतो म्हणं.
आला, तर शून्य कुठं टेकवायचं
हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दगडाकडं कुणी फिरकत नाही.
शनिवारी मीच तेल घालतो,
त्या एकशे दहातलं उरलेलं.

मोजणीच्या रात्री सदरा धुवायला टाकताना
बायकूनं खिसा उलटा केला,
खडे जोत्यावर मांडले,
ह्ये काय म्हणून विचारलं.
मी काही बोललो नाही.
सतरा व्हते.