तक्रारीचा प्रकार

टोकन सत्तेचाळीस.
पानवलकर, सहकारनगर नंबर दोन.
हातात पावती, चार घड्या घातलेली,
खिशाला पेन, टोपण हरवलेलं.
बोला सर, म्हटलं.
म्हणाले, मशीन उत्तम चालतंय.

या काउंटरवर सहा वर्षांत
हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं.
इथे माणसाआधी त्याचा आवाज येतो,
मागून बिल.
कुणी हवेतच फ्रिजचं दार आपटून दाखवतं,
कुणी म्हणतं, मालकाला बोलवा तुमच्या.
मालक कोरियात असतो, काका.
मी असते सातारा रोडवर,
साडेनऊ ते साडेसात.

तर, मशीन उत्तम.
मागच्या मंगळवारी मुलाणी बोर्ड बदलून आला,
बेचाळीसशे रुपये, नव्वद दिवसांची हमी.
पाणी घेतं, घुसळतं, पिळतं.
"फक्त शेवटी गात नाही."

काय?

"धुऊन झालं की धून वाजायची. बारा-तेरा सेकंदांची.
आता नुसतं टीं टीं टीं.
टेम्पो मागे घेतल्यासारखं."

संगणकात तक्रारीचे अकरा प्रकार आहेत.
गळती आहे, थरथर आहे, जळका वास आहे.
गाणं नाही.
मी "इतर"वर टिचकी मारली.
मागून ओसवाल सर म्हणाले, मशीन चालतंय ना?
क्लोज कर.
अठ्ठेचाळीस नंबर फिस्सकन हसला.
एकोणपन्नास म्हणाली, आमचं पाणी तापेना,
आणि यांना संगीत हवंय.

पानवलकरांनी पेन काढलं, परत ठेवलं.
आवाज न चढवता म्हणाले,
मुलगा माझा बोलत नाही. सव्वीसचा आहे.
घरातले कपडे तो धुतो.
म्हणजे अकराला बटण दाबतो,
समोर पाटावर बसतो,
आणि धून संपली की उठून वाळत घालतो,
मोजे जोडीजोडीनं, टॉवेल कडेला.
मंगळवारपासून उठत नाही.
टीं टीं होतं, तो बसलेलाच.
त्याच्या मते
अजून धुऊन व्हायचंय.

अठ्ठेचाळीस नंबर
भिंतीवरचा एसीचा दर वाचू लागला.

त्या रात्री शटर अर्धं ओढल्यावर
मी वरच्या मजल्यावर गेले.
मांडून ठेवलेल्या मशीनला पाण्याची नळी नसते,
नुसतं चालू-बंद केलं तरी दोन ओळी गातं.
तेवढ्या फोनवर घेतल्या, पाठवल्या.
सकाळी उत्तर:
आभार. तो फोनकडे बघतो. मशीनकडे नाही.

मग मुलाणी.
नऱ्ह्याच्या गोदामात मेलेली मशीनं
एकमेकांच्या मांडीवर पाय टाकून पडलेली असतात.
त्यातल्या एकाचं, त्याच मॉडेलचं,
बटणांमागचं पॅनेल त्यानं काढून आणलं
आणि रविवारी सहकारनगरला गेला.
याची नोंद कुठेच नाही.
मी विचारलं, काय झालं?
म्हणाला, चहा झाला. पोहे झाले.
आणि?
आणि टॉवेल कडेला.
एवढं बोलून तो
हडपसरच्या मायक्रोवेव्हकडे निघून गेला.

तक्रार मिटली की ग्राहकाला फोन जातो,
एक ते पाचमध्ये गुण द्या.
पानवलकरांनी तीन दिले.

चारच्या खाली गेलं की
माझे दोनशे कापतात.
खरं सांगते, राग आला.
जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून
मीच फोन लावला.
धून आली ना, काका?

"आली की. पण मधला एक सूर जरा उतरलेला लागतो.
तिथे तो मान तिरकी करतो, थांबतो.
मग उठतो."

बरं, मग दोन गुण कशाचे कापले?

"एक त्या सुराचा."

आणि दुसरा?

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता,
आतलं पाणी घुसळत होतं, थांबत होतं, उलटं फिरत होतं.

"दुसरा," म्हणाले, "तुमच्या साहेबांचा."