धन्नूनचं दुकान

मोसुलमध्ये, नदीच्या पश्चिम काठाला,
धन्नून घड्याळजीचं दुकान होतं.
आता अर्धं आहे.

फळीवर आजोबांच्या हातची चिठ्ठी:
‘इंग्रज कप्तान. काटा अडतो. पैसे बाकी.’
कप्तान परत आला नाही.
त्याची विमानं तेवढी येत राहिली,
कर थकवलेल्या गावांवर.

पुष्कळ वर्षांनी एक अमेरिकन पोरगा, घामाघूम,
एकाच मनगटावर दोन वेळा:
एक इथली, एक ओहायोची.
म्हणाला, इथली बंद पडलीय.

मग काळ्या झेंड्यांचे आले.
त्यातल्या एकाला गजरातली धून काढून हवी होती.
धन्नूनने चिमट्याने
सुरांचे दात एकेक करून मोडले.
तोवर तो दारात उभा राहून
आईशी फोनवर फ्रेंचमध्ये बोलत होता,
जेवलो म्हणून सांगत होता.
जाताना म्हणाला, हजार वर्षांचा हिशेब चुकता करतोय आम्ही.
तीन हजार दिनार झाले होते.
तेही राहिलेच.

नात रगद गृहपाठ घेऊन बसलीय:
भांडण कधी सुरू झालं? सन लिहा.

‘ज्याला विचारशील,
तो स्वतःला लागलेल्या दगडापासून मोजतो.
आपण मारलेला
नेहमी त्याच्या आदल्या दिवशीचा असतो, पोरी,
आणि आदला दिवस कुणाला आठवत नाही.’

‘हे वहीत कसं लिहू?’

धन्नूनने भिंग डोळ्याला लावलं.
कप्तानाच्या घड्याळाला किल्ली दिली,
रोज देतो तशी.
चाललं.
सात मिनिटं.